ताल कोणाचा चुकला? संगणकातल्या ध्वनी-ड्रायव्हरची कहाणी

यवतमाळ जिल्ह्यातलं दारव्हा हे कापसाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीच्या, म्हणजे लोकांच्या ‘शकुंतले’च्या वाटेवरचं हे एक स्टेशन. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेता यावा म्हणून किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मार्ग टाकला. गाडी आता बंद पडली, कापूस मात्र अजून पिकतो. आमचा आजचा विषय रेल्वे नाही आणि कापूसही नाही. विषय आहे संगणकातून निघणारा आवाज. तरीही सुरुवात कापसापासून करतो, कारण संगणकात आवाज कसा पुढे सरकतो हे जिनिंगच्या आवारात फार सोपं होऊन समजतं.

कापूस शेतातून बंडीनं येतो. तो सलग येत नाही, खेपेखेपेनं येतो. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्याला मात्र कापूस सलग लागतो. म्हणून बंडी आणि रेचा यांच्या मध्ये कापसाचा ढीग ठेवावा लागतो. ढीग मोठा असला तर एखादी बंडी नाल्यात अडकली तरी रेचा थांबत नाही, पण आज आलेल्या कापसाची पाळी परवा येते. ढीग लहान ठेवला तर आलेला कापूस लगेच रेच्यात जातो, पण एक बंडी उशिरा आली की रेचा रिकामा फिरू लागतो. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्रांसमोर लागणाऱ्या बंड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ‘थांबून राहणं’ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

संगणकात ध्वनीचं कार्ड म्हणजे रेचा. मुख्य प्रक्रियक म्हणजे दहा कामं अंगावर असलेला शेतकरी. मधला ढीग म्हणजे बफर. आणि ड्रायव्हर? नावावरून तो गाडी हाकणारा वाटतो, पण त्याचं खरं काम आवारातल्या मुकादमाचं. ढीग केवढा ठेवायचा, पुढची खेप कधी मागवायची, दोन शेतकरी एकाच वेळी आले तर कोणाचा माल आधी घ्यायचा, हे तो ठरवतो.

शिक्षकांनी या मुकादमाची ओळख का करून घ्यावी? शाळेत आता संगणक असतो. ध्वनिमुद्रणाचा एखादा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्यात घालता येतो. समूहगीतासाठी आधी पेटी-तबला मुद्रित करायचा आणि मग तो हेडफोनवर ऐकत मुलांनी गायचं, असा प्रयोग अनेक शाळा करतात. दोन्ही एकत्र वाजवून पाहिलं की गाणं तबल्याच्या मागे पडलेलं ऐकू येतं. मग तेच गाणं पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी एखाद्या मुलीला ‘तुला ताल नाही’ असं ऐकावं लागतं आणि ती रांगेत मागे उभी राहते. कित्येकदा ती मुलगी अगदी तालात गायलेली असते. उशीर यंत्रानं केलेला असतो आणि यंत्रानं तो लपवलेला असतो. हा उशीर कुठून आला, हे ड्रायव्हरच्या इतिहासात शिरल्याशिवाय कळत नाही.

आवाजाचे आकडे

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. संगणकाला फक्त आकडे कळतात. म्हणून हा चढउतार ठरावीक काळानं मोजून त्याचे आकडे लिहून ठेवतात. या प्रत्येक मोजमापाला नमुना म्हणतात. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. तो नीट टिपायचा तर नमुने त्याच्या दुपटीहून अधिक हवेत, असं गणित सांगतं.

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनं सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण धरलं. हा विचित्र आकडा आला कुठून? सुरुवातीला एवढे आकडे साठवायला व्हिडिओ टेपच सोयीची होती. अमेरिका-जपानच्या पद्धतीत चित्राची सेकंदाला ६० क्षेत्रं, प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ ओळी, आणि प्रत्येक ओळीत ३ नमुने. युरोपच्या पद्धतीत ५० क्षेत्रं, २९४ ओळी, ३ नमुने. दोन्ही गुणाकार करून पाहा, उत्तर एकच येतं. वर्गात मुलांना घालायला हे उदाहरण छान आहे.

रेच्याची भूक आता आकड्यात कळली. सेकंदाला ४४,१०० नमुने, डाव्या-उजव्या कानांसाठी वेगवेगळे, एकही न चुकता. एक खेप चुकली की कानाला ‘टक्’ असं ऐकू येतं.

घाई नसलेला काळ

संगणकानं संगीत वाजवायला सुरुवात केली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी ‘म्युझिक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि आयबीएम ७०४ या संगणकावर १७ सेकंदांची एक रचना तयार केली. संगणकानं नमुन्यांचे आकडे काढून चुंबकीय टेपवर लिहिले. संगणक न्यूयॉर्क शहरात होता आणि आकड्यांचा आवाज करणारं उपकरण न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, म्हणून टेप गाडीत घालून तिकडे नेली जाई. म्हणजे आकडे तयार होणं आणि आवाज निघणं यांच्यामधला ‘बफर’ चक्क मोटारीतून प्रवास करत होता. ऐकणाऱ्याला घाई नव्हती, म्हणून उशिराची कोणी तक्रार केली नाही.

उशीर हा दोष ठरतो तो माणूस यंत्राबरोबर गाऊ-वाजवू लागतो तेव्हा. बोट पट्टीवर पडलं की स्वर लगेच निघाला पाहिजे, ही मागणी आल्यावर खरी कसोटी सुरू झाली.

आवाजाऐवजी निरोप

पहिला मार्ग असा निघाला की संगणकानं आवाजाचे नमुने तयार करण्याच्या फंदात पडूच नये. त्यानं फक्त निरोप द्यावा, स्वर दुसऱ्या यंत्रानं काढावा.

१९८४-८५ मध्ये भारत सरकारनं शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनचा बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला. त्या संगणकात आवाजासाठी वेगळी चिप होती. तीन स्वर आणि एक कोलाहल असे चार प्रवाह ती एकाच वेळी काढू शकत असे. बेसिक भाषेत ‘साउंड’ ही आज्ञा दिली की स्वराची उंची आणि लांबी चिपकडे जाई, आणि पुढच्या आज्ञा रांगेत थांबत. स्वर काढायचं काम चिपचं, संगणक मोकळा.

हाच विचार मोठ्या प्रमाणावर १९८३ साली ‘मिडी’ या करारात आला. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी भाषा ठरवण्यासाठी पुढाकार घेतला. या कामासाठी दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, ‘अमुक पट्टी, एवढ्या जोरानं दाबली’ असा निरोप जातो. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका स्वराच्या निरोपात तीन बाइट, प्रत्येक बाइटला मागचापुढचा धरून १० बिट, म्हणजे एकूण ३० बिट. भागाकार केला तर एक निरोप पोहोचायला एक मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो. १९८५ साली आलेल्या अटारी एसटी या संगणकात मिडीची सोय बसवूनच दिलेली होती, आणि त्यामुळे तो संगीतकारांच्या खोल्यांमध्ये जाऊन बसला.

पण निरोपानं पेटी वाजेल, माणसाचा गळा कसा मुद्रित होणार? त्यासाठी नमुन्यांचा कापूसच वाहायला हवा होता.

पत्ता २२०, घंटा ७

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीला आवाज म्हणजे एक लहानसा भोंगा होता. ती यंत्रं हिशेबासाठी बनवली होती. १९८७ साली कॅनडातल्या क्वेबेकमधून अ‍ॅडलिब हे कार्ड आलं, ते यामाहाच्या चिपमधून स्वर काढी. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीनं ‘साउंड ब्लास्टर’ आणलं. सिम वाँग हू यांच्या या कार्डावर स्वरांची चिप तर होतीच, शिवाय नमुने वाजवण्याची आणि मुद्रित करण्याची सोयही होती.

हे कार्ड नमुने थेट स्मृतीतून उचली. दिलेली खेप संपली की प्रक्रियकाला घंटा वाजवून कळवी. या घंटेला इंटरप्ट म्हणतात. प्रत्येक उपकरणाला घंटेचा वेगळा क्रमांक द्यावा लागे. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरचा क्रमांक बहुधा ७ ठेवलेला असे, आणि पीसीच्या पहिल्या प्रिंटरची घंटाही ७ च होती. मग आवाज थांबे, नाहीतर छपाई. कार्डावरची इवलीशी टोपी, तिला जंपर म्हणत, चिमट्यानं एका काडीवरून दुसऱ्या काडीवर सरकवून क्रमांक बदलावा लागे. कार्डाचा पत्ता बहुधा २२०.

तेव्हाच्या डॉस प्रणालीत ध्वनीसाठी सामाईक ड्रायव्हर नव्हता. प्रत्येक खेळ, प्रत्येक संगीताचा प्रोग्रॅम आपापला मुकादम सोबत घेऊन येई आणि सुरू होताना विचारी: कार्ड कोणतं, पत्ता कोणता, घंटा कितवी? चुकीचं उत्तर दिलं तर एकतर काही वाजत नसे किंवा संगणकच गोठे. या गोंधळाला एक फायदा होता. कार्ड आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये तिसरं कोणी नव्हतं. माल थेट रेच्यात.

मध्यस्थ आला

हा गोंधळ संपवायचा तर कार्डाशी बोलण्याचं काम एकाच ठिकाणी सोपवायला हवं होतं. मायक्रोसॉफ्टनं १९९१ साली विंडोजला दृकश्राव्य जोड दिली आणि १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ती सर्वांपर्यंत पोहोचली. आजही प्रोग्रॅमच्या यादीत ‘एमएमई’ अशी तीन अक्षरं दिसतात, ती तेव्हाची. कार्ड कोणतंही असो, कंपनीनं त्याचा ड्रायव्हर द्यायचा. प्रोग्रॅमनं फक्त विंडोजशी बोलायचं. पत्ते आणि घंटा लोकांच्या डोक्यातून गेल्या.

पण मध्यस्थ आला की त्याचा वेळही आला. कार्यालयातला संगणक डोळ्यांपुढे ठेवून ही रचना केलेली होती. सूचनेचा ‘टिंग’ दहावा भाग सेकंद उशिरा वाजला तर कोणाचं काय बिघडतं? १९९५ साली खेळांसाठी डायरेक्टएक्स आणि त्यात डायरेक्टसाउंड आलं. पुढे विंडोज ९८ च्या सुमारास अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळणारा मिश्रक प्रणालीच्या गाभ्यात बसला. गाणं वाजत असताना पत्राची सूचनाही ऐकू येऊ लागली. या सोयीची किंमत म्हणून सुमारे ३० मिलिसेकंदांची भर उशिरात पडली, आणि ती टाळायची मुभा साध्या प्रोग्रॅमला नव्हती.

हँबुर्गची आडवाट

जर्मनीतल्या हँबुर्गच्या स्टाइनबर्ग या कंपनीला हे चालण्यासारखं नव्हतं. १९८४ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा ‘क्युबेस’ हा प्रोग्रॅम आधी मिडीचे निरोप लिहिण्यासाठी होता. १९९६ मध्ये तिनं क्युबेसला प्रत्यक्ष आवाज आणि त्यावरचे संस्कार हाताळायला शिकवलं. त्यासाठी वेगळं महागडं यंत्र नको, संगणकाचा प्रक्रियक पुरे, असा तिचा दावा होता. तो खरा करायचा तर मध्यस्थाला वळसा घालणं भाग होतं. १९९७ साली स्टाइनबर्गनं ‘एएसआयओ’ हा करार मांडला.

कल्पना बंडीवाल्याला सहज पटेल अशी आहे. दोन बंड्या ठेवा. एक रेच्यापाशी रिकामी होत असताना दुसरी भरा. पहिली संपली की जागा बदला. मध्ये गोदाम नाही, दलाल नाही, दुसऱ्याचा माल मिसळणं नाही. बंडी केवढी, हे मात्र तुम्ही ठरवा. बंडी म्हणजेच बफर. प्रोग्रॅमच्या खिडकीत ६४, १२८, २५६, ५१२, १०२४ असे जे आकडे दिसतात ते बंडीत मावणारे नमुने.

शिवाय या करारात आणखी एक कलम होतं, आणि आमच्या मते तेच सर्वांत मोलाचं. ड्रायव्हरनं प्रोग्रॅमला आपला उशीर स्पष्ट सांगायचा: येताना एवढे नमुने, जाताना एवढे. हा आकडा खरा असेल तर प्रोग्रॅम मुद्रित झालेलं गाणं तेवढंच मागे सरकवून तबल्याखाली बरोबर बसवतो. आकडा खोटा असेल तर गाणारा कितीही अचूक असो, मुद्रण तालाबाहेर जातं.

कंपनीनं एएसआयओचा ड्रायव्हर न दिलेल्या कार्डांसाठी मिखाएल टिपाख यांनी ‘एएसआयओ४ऑल’ हा फुकट वापरता येणारा ड्रायव्हर लिहिला. तो प्रोग्रॅमशी एएसआयओच्या भाषेत बोलतो आणि खाली विंडोजच्या गाभ्याशी, मिश्रक टाळून. मायक्रोसॉफ्टनंही पुढे वाट बदलली. २००७ साली सर्वांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात ‘वासापी’ ही नवी रचना होती. तिच्यात सर्वांचा आवाज मिसळणारा सामाईक मार्ग आहे आणि एकाच प्रोग्रॅमला कार्ड देऊन टाकणारा राखीव मार्गही. अ‍ॅपलनं २००१ च्या मॅक ओएस एक्सबरोबर ‘कोअर ऑडिओ’ आणलं आणि कमी उशिराची सोय मूळ प्रणालीतच ठेवली. त्यामुळे मॅकवर ड्रायव्हर निवडण्याची खटपट सहसा पडत नाही.

खुल्या वाटेवरचे मुकादम

लिनक्सची गोष्ट वेगळी. तिथे मुकादम कसा काम करतो हे कोणालाही उघडून वाचता येतं. फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांनी १९९२ च्या सुमारास साउंड ब्लास्टरसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला, त्यातून ‘ओएसएस’ उभं राहिलं. चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह किसेला यांना आपल्या ग्रॅव्हिस कार्डाचं काम नीट करून घ्यायचं होतं. त्यातून १९९८ मध्ये ‘अल्सा’ची सुरुवात झाली आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ मध्ये ती मूळ गाभ्याचा भाग झाली. पॉल डेव्हिस यांनी त्यावर ‘जॅक’ रचलं. अनेक संगीताचे प्रोग्रॅम एकाच ठोक्यावर चालवणारा हा जणू समूहाचा संचालक. अलीकडे विम टायमन्स यांच्या ‘पाइपवायर’नं घरगुती वापर आणि संगीत या दोन्ही वाटा एकत्र आणल्या. २०२१ च्या फेडोरा ३४ पासून ते तिथे मुळातच दिलेलं असतं. सी-डॅकच्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्समध्येही खालचा थर अल्साचाच आहे.

सिंगापूर, हँबुर्ग, फिनलंड, चेक प्रजासत्ताक. सगळीकडे प्रश्न एकच होता आणि उत्तरं वेगळी. सर्वांसाठी सोय की एकासाठी वेग? न तुटणारा आवाज की लगेच येणारा आवाज? ढीग मोठा की लहान? यांतलं कोणतंही उत्तर निसर्गनियम नाही. ते माणसांनी आपापल्या गरजेप्रमाणे ठरवलेलं आहे.

यंत्र आणि गवई

यंत्र आणि गाणारा यांचं जमलं नाही तर चूक कोणाची, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो पेटीवरून झाला होता. पेटीच्या सप्तकात बारा पट्ट्या, त्यांचे स्वर कारखान्यात पक्के केलेले. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना हे स्वर आपल्या गवयांच्या गळ्यातल्या स्वरांशी जुळत नाहीत असं दिसलं. त्यांनी त्यावर तर्क लढवत बसण्याऐवजी मोजमाप केलं. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाचं गाणं प्रमाण धरून स्वरांची कंपनसंख्या ताडून पाहिली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीतून पुस्तक प्रसिद्ध केलं. ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुतींची पेटीही तयार करवली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत त्या पेटीवर वाद झाला. पुढे १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनं पेटीला दारच बंद केलं होतं.

देवलांचे सगळे निष्कर्ष टिकले असं नाही. पण त्यांची पद्धत आजही घेण्याजोगी आहे. कारखान्यानं ठरवलेला स्वर म्हणजे गाण्याचा स्वर असं त्यांनी मानलं नाही, आणि नुसतं ‘यंत्र वाईट’ असं म्हणूनही ते थांबले नाहीत. फरक किती, हे त्यांनी मोजायला घेतलं. तेव्हा वाद स्वराचा होता, आता काळाचा आहे. ड्रायव्हरमधले आकडेसुद्धा कारखान्यातून ठरून आलेल्या पट्ट्याच आहेत. फरक एवढाच की या पट्ट्या आपल्याला हलवता येतात.

किती उशीर म्हणजे किती?

उशीर डोळ्यांपुढे आणायला अंतराचा उपयोग होतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २५६ नमुन्यांची बंडी म्हणजे २५६ भागिले ४४,१००, म्हणजे ५.८ मिलिसेकंद. एवढ्या वेळात आवाज दोन मीटर जातो. तबलजी गायकापासून दोन मीटरवर बसला तर कोणी तक्रार करत नाही. १०२४ नमुने म्हणजे २३ मिलिसेकंद, म्हणजे आठ मीटर. तबलजी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला गेला. ४०९६ नमुने म्हणजे ९३ मिलिसेकंद, सुमारे ३२ मीटर. तो आता पटांगणाच्या पलीकडे आहे.

शिवाय हेडफोनपर्यंत जाताना एक खेप आणि मायक्रोफोनकडून येताना एक, म्हणजे निदान दुप्पट. मिनिटाला १२० मात्रांचं समूहगीत धरा. एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. ४०९६ नमुन्यांच्या जाण्यायेण्यात १८६ मिलिसेकंद गेले, म्हणजे एका मात्रेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत तर जवळजवळ पाऊण मात्रा. एवढ्या फरकानं ताल चुकला असं कोणालाही वाटेल.

निवड कशी करावी?

आधी आपलं काम कोणतं ते ठरवावं. दोन कामांची गरज अगदी वेगळी आहे.

पहिलं काम: मिडीची पेटी संगणकाला जोडून संगणकातल्या वाद्याचा आवाज त्याच क्षणी ऐकणं, किंवा गाताना आपलाच आवाज संगणकातून परत ऐकणं. इथे उशीर खराखुरा कमी हवा, कारण झालेला उशीर नंतर दुरुस्त करून उपयोग नाही. अशा वेळी एएसआयओ किंवा वासापीचा राखीव मार्ग घ्यावा. बफर २५६ पासून सुरू करावा. टक्-टक् आवाज आले तर ५१२ करावा, न आले तर १२८ करून पाहावा. इतर प्रोग्रॅम बंद ठेवावेत आणि लॅपटॉपची वीजबचत काढावी. त्या वेळी प्रक्रियक पेंगत असला की खेप चुकते.

दुसरं काम: आधी मुद्रित केलेलं ऐकत त्यावर गाणं. शाळेत बहुतेक वेळा हेच असतं. इथे गाणाऱ्याला तबला कधी ऐकू आला याला महत्त्व नाही. तो ऐकल्यावर त्यावर गायलेलं मागाहून बरोबर जागी बसलं की झालं. म्हणून बफर मोठाच ठेवावा, म्हणजे आवाज तुटणार नाही, आणि उशीर किती हे प्रोग्रॅमला अचूक सांगावं. माहीत असलेला मोठा उशीर निरुपद्रवी असतो. माहीत नसलेला लहान उशीरही गाणं बिघडवतो. जुनं यंत्र असलेल्या शाळेला ही गोष्ट मोठी दिलासा देणारी आहे. नवं कार्ड घेण्याची गरज नाही, मोजण्याची गरज आहे.

आणखी दोन पथ्यं. बिनतारी ब्लूटूथ हेडफोन मुद्रणाच्या वेळी वापरू नये, त्याचा उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या वर जातो. आणि नमुन्यांचा वेग सगळीकडे एकच ठेवावा. प्रोग्रॅममध्ये ४४,१०० आणि कार्डावर ४८,००० असेल तर मध्ये कोणाला तरी रूपांतर करावं लागतं. ते झालंच नाही तर ४४,१०० नं मुद्रित केलेलं गाणं ४८,००० नं वाजतं. या दोन आकड्यांचं गुणोत्तर १.०८८ आहे आणि एका अर्ध्या स्वराचं १.०५९. म्हणजे सगळं गाणं दीड पट्टी वर चढतं, आणि लयही तेवढीच पळते.

वर्गात करून पाहा

ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली लिहायला घेतला आणि २००० साली सर्वांना खुला केला. तो फुकट मिळतो आणि जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालतो. विंडोजवर तो एमएमई, डायरेक्टसाउंड आणि वासापी असे तीन मार्ग दाखवतो. उशिराच्या दुरुस्तीसाठी त्यात मुळातच उणे १३० मिलिसेकंद हा आकडा घातलेला असतो. हा आकडा सरासरीचा अंदाज आहे. तुमच्या शाळेतल्या यंत्राला तो लागू पडेलच असं नाही.

म्हणून मोजू या. प्रोग्रॅमकडून ठेक्याच्या टिक्-टिक् आवाजाची एक पट्टी तयार करून घ्या. हेडफोनची एक बाजू मायक्रोफोनला चिकटवून धरा. पहिली पट्टी वाजत असताना दुसरी मुद्रित करा. आता चित्र मोठं करून पाहा. वरच्या पट्टीतली टिक् आणि खालच्या पट्टीतली तीच टिक् यांच्यात किती अंतर आहे? गाणारं कोणी नव्हतं, म्हणजे हा सगळा फरक यंत्राचा. खालची टिक् ६० मिलिसेकंद मागे असेल तर उणे १३० च्या जागी उणे १९० लिहा. पुढे असेल तर तेवढे मिलिसेकंद परत घ्या. मग प्रयोग पुन्हा करा, फरक शून्याजवळ आला पाहिजे.

प्रयोग पाच वेळा करून सरासरी काढायला मुलांना सांगा. आकडे दर वेळी थोडे वेगळे का येतात, यावर चर्चा होऊ द्या. तोच प्रयोग एमएमई आणि वासापी या दोन्ही मार्गांनी करून आलेख काढा. ड्रायव्हर किंवा हेडफोन बदलला की मोजमाप पुन्हा करायचं, हेही त्यांना सांगा. सरासरी, एकक, वेग-काळ-अंतर आणि चुकीचं कारण शोधण्याची रीत, एवढं सगळं या एका तासात बसतं.

गाणं मुद्रित करण्याआधी हा तास जरूर घ्या. त्यानंतर एखादं मूल खरोखर तालाबाहेर गायलं तर त्याला सरावासाठी मदत करता येईल. पण यंत्राचा उशीर मोजून वजा केल्याखेरीज कोणत्याही मुलाच्या तालाबद्दल मत बनवू नये.